विजेचा ओव्हन आणि हॉब घेण्यापूर्वी घराचे वायरिंग कसे तपासावे

स्वयंपाकघर नव्याने करताना ओव्हनचे आणि हॉबचे (ओट्यात बसणाऱ्या विजेच्या शेगडीचे) माप सुताराला पहिल्याच दिवशी दिले जाते, वायरमनला मात्र टाइल्स बसून आणि कपाटे लागून झाल्यावर बोलावले जाते. क्रम याच्या उलट असायला हवा. गॅसच्या शेगडीच्या जागी येणारा चार झोनचा, म्हणजे भांडी ठेवायच्या चार जागांचा, इंडक्शन हॉब पूर्ण क्षमतेने चालला तर एकटाच सुमारे ७,२०० वॉट घेतो, म्हणजे दोन किलोवॉटचे तीन गीझर एकाच वेळी चालू केल्यापेक्षाही जास्त. आपल्याकडच्या जुन्या सदनिकांमध्ये स्वयंपाकघराचे वायरिंग करताना मिक्सर, फ्रिज आणि फार तर एखादा मायक्रोवेव्ह एवढाच विचार झालेला असतो. त्यामुळे यंत्राची ऑर्डर देण्यापूर्वी, आणि भिंती बंद होण्यापूर्वी, घरातील वीजमार्ग तपासून घेणे हे खर्चाच्या आणि सुरक्षिततेच्या अशा दोन्ही दृष्टींनी शहाणपणाचे ठरते.

तपासायचे काय, तर वीज आपल्या ओट्यापर्यंत ज्या मार्गाने येते तो सगळा मार्ग. वीज कंपनीने मंजूर केलेला भार, मीटर, मीटरपासून घरापर्यंत आलेली वायर, घरातील वितरण पेटी म्हणजे डीबी, तिच्यातील एमसीबी म्हणजे भार वाढला की आपोआप वीज तोडणारे स्विच, तेथून स्वयंपाकघरात गेलेली वायर, शेवटचे सॉकेट आणि या सर्वांच्या सोबतीने चालणारे अर्थिंग असे हे टप्पे आहेत, आणि त्यांपैकी जो सर्वांत कमकुवत असेल त्याच्या कुवतीइतकीच यंत्रे घरात चालतील. स्वयंपाकघरात सहा चौरस मिलिमीटरची नवी कोरी वायर ओढली आणि मीटर रूमपासून वर येणारी वायर चाळीस वर्षांपूर्वीची ॲल्युमिनियमची राहिली, तर त्या नव्या वायरीचा उपयोग शून्य.

पुढे सांगितलेल्या गोष्टींपैकी वाचणे, मोजदाद करणे, एमसीबी खाली-वर करून पाहणे आणि आकडेमोड ही कामे कोणीही सुज्ञ माणूस करू शकतो. डीबीचे झाकण उघडणे, बोर्ड खोलणे, चालू विजेवर मल्टीमीटर लावणे आणि मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासणारे यंत्र वापरणे ही कामे मात्र परवानाधारक वायरमननेच करावीत. मेन स्विच बंद केल्यावरही मीटरकडून येणाऱ्या वायरीमध्ये वीज असतेच, ही गोष्ट घरच्या घरी दुरुस्ती करणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

यंत्राच्या पाटीवरील आकडे

दुकानातील माहितीपत्रकावर विसंबू नये. यंत्राच्या मागे किंवा खाली चिकटवलेल्या पाटीवर, किंवा कंपनीच्या जोडणी-पुस्तिकेत, 'कमाल जोडणी भार' या अर्थाचा जो वॉटमधील आकडा असतो तोच घ्यावा. त्याला २३० ने भागले की सिंगल-फेजवरील प्रवाह ॲम्पिअरमध्ये मिळतो. ओट्यावर ठेवायचे २,००० वॉटचे साधे इंडक्शन ८.७ ॲम्पिअर घेते, २,८०० वॉटचा बिल्ट-इन ओव्हन सुमारे १२.२ ॲम्पिअर, आणि ७,२०० वॉटचा हॉब ३१.३ ॲम्पिअर. पहिल्या दोन यंत्रांना सोळा ॲम्पिअरचे सॉकेट पुरते. तिसऱ्याला कोणतेही घरगुती सॉकेट पुरत नाही, त्याची जोडणी डीपी स्विचमधून, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणाऱ्या स्विचमधून, थेटच करावी लागते. हॉबला प्लग नसतो याचे कारण हेच, आणि 'प्लग लावून देतो, काही होत नाही' असे म्हणणाऱ्या माणसाच्या हाती पुढचे काम देऊ नये.

हॉबच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पुस्तिकेत पाहाव्यात. पहिली म्हणजे कमाल भार मर्यादित करण्याची सोय. अनेक हॉबमध्ये बसवताना एकदा ठरावीक पद्धतीने बटणे दाबून कमाल भार तीन-साडेतीन किंवा साडेचार किलोवॉटवर बांधून ठेवता येतो. मग चारही झोन चालू केले तरी यंत्र स्वतःच प्रत्येकाची ताकद कमी करते. ज्यांच्याकडे सिंगल-फेज जोडणी आहे त्यांनी ही सोय नसलेला मोठा हॉब घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी गोष्ट म्हणजे हॉबच्या मागील टर्मिनलची आकृती. युरोपीय धाटणीचे हॉब एका किंवा दोन फेजवर जोडता येतील असे बनवलेले असतात आणि त्यासाठी तांब्याच्या छोट्या पट्ट्या जागच्या जागी लावाव्या किंवा काढाव्या लागतात. ही पट्टी चुकीच्या जागी लागली तर २३० व्होल्टच्या भागाला ४०० व्होल्ट मिळू शकतात आणि हॉब पहिल्याच दिवशी निकामी होतो.

वीजबिल आणि मीटर

महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' किलोवॉटमध्ये छापलेला असतो आणि दर संकेतासमोर जोडणी सिंगल-फेज आहे की थ्री-फेज हे लिहिलेले असते. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरच्या बिलावर, आणि गोव्यात वीज खात्याच्या बिलावर, हीच माहिती वेगळ्या मांडणीत मिळते. जुन्या घरांच्या बिलावर हा आकडा एक-दोन किलोवॉट इतकाच असणे मुळीच दुर्मीळ नाही; वीस वर्षांपूर्वी घर घेताना जो लिहिला गेला तोच पुढे चालत आलेला असतो, आणि मधल्या काळात एसी, गीझर, वॉशिंग मशीन येऊनही कोणी तो बदलून घेतलेला नसतो.

मीटरवरील छपाई त्याहून महत्त्वाची आहे. सिंगल-फेज मीटरवर '५-३० ए' किंवा '१०-६० ए' असे काहीतरी लिहिलेले असते आणि त्यातील दुसरा आकडा हा त्या मीटरची कमाल मर्यादा असतो. तीस ॲम्पिअरचे मीटर म्हणजे २३० व्होल्टला ६.९ किलोवॉट. म्हणजे असे मीटर असलेल्या घरात ७.२ किलोवॉटचा हॉब, बाकी सगळे घर अंधारात ठेवले तरीसुद्धा, पूर्ण ताकदीने चालवता येणार नाही. इथेच अनेकांचा प्रश्न निकालात निघतो आणि पुढचे वाचण्याआधी भारवाढीचा अर्ज करायचा की लहान यंत्र घ्यायचे हे ठरवावे लागते.

आज घरात प्रत्यक्ष किती भार चालतो हे मीटरकडूनच कळते. अनेक इलेक्ट्रॉनिक मीटरांमध्ये बटण दाबत गेले की त्या क्षणाचा भार आणि महिन्यातील कमाल मागणीही पडद्यावर दिसते. ते दिसत नसेल तर लुकलुकणारा लाल दिवा मोजावा. मीटरवर 'प्रति युनिट ३२०० स्पंद' असा अर्थ असलेली नोंद असते. काहींवर १६०० असते. संध्याकाळी घर नेहमीप्रमाणे चालू असताना तीस सेकंदांत दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजावे, त्याला १२० ने गुणून तासाचा आकडा काढावा आणि ३२०० ने (किंवा जो आकडा छापला असेल त्याने) भागावे. तीस सेकंदांत ६० वेळा लुकलुकला तर तासाला ७,२०० स्पंद आणि भार २.२५ किलोवॉट. ही मोजणी एकदा सकाळी गीझर चालू असताना आणि एकदा रात्री एसी चालू असताना करावी, कारण दोन्ही वेळचे चित्र पूर्ण वेगळे असते.

आता त्यावर नव्या यंत्रांची बेरीज करावी. सगळी यंत्रे सदैव एकत्र आणि पूर्ण ताकदीने चालत नाहीत हे खरे आहे. ओव्हन तापेपर्यंत पूर्ण वीज घेतो आणि नंतर थर्मोस्टॅटमुळे चालू-बंद होत राहतो. हॉबचे चारही झोन कमाल ताकदीवर क्वचितच असतात. तरीही सरासरीवर हिशेब न करता वर्षातील सर्वांत वाईट तासावर करावा, आणि आपल्या घरात तो तास दिवाळीच्या फराळाचा असतो: एका झोनवर चकलीचे तेल, दुसऱ्यावर पाक, ओव्हनमध्ये नानकटाई, बैठकीत पाहुणे आणि पाहुण्यांसाठी एसी. ओव्हन २.८, हॉबचे दोन झोन मिळून ३, एसी १.५, फ्रिज, दिवे, पंखे आणि टीव्ही मिळून ०.६ असे धरले तर बेरीज ७.९ किलोवॉट, म्हणजे ३४ ॲम्पिअरच्या पुढे जाते. त्याच वेळी कोणी आंघोळीला गेले आणि दोन किलोवॉटचा गीझर लागला तर ती ४३ ॲम्पिअर होते. तीस ॲम्पिअरच्या मीटरला हे झेपणारे नाही.

भार वाढवून घेण्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज करावा लागतो, त्यासोबत सहसा परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो, आणि ठरावीक मर्यादेच्या पुढे सिंगल-फेजऐवजी थ्री-फेज जोडणी घ्यावी लागते. थ्री-फेजचा स्थिर आकार जास्त असतो, हे बिल पाहून नंतर दचकण्यापेक्षा आधीच गृहीत धरावे. शिवाय थ्री-फेज आले म्हणजे सगळे प्रश्न मिटले असे नव्हे. प्रत्येक फेजची स्वतःची मर्यादा असते, आणि ओव्हन, हॉब व गीझर तिन्ही एकाच फेजवर टाकले तर उरलेल्या दोन फेज मोकळ्या राहून तिसरीचा एमसीबी पडत राहील. कोणते यंत्र कोणत्या फेजवर हे ठेकेदाराकडून कागदावर लिहून घ्यावे.

मीटर रूमपासून घरापर्यंत

गृहसंस्थेच्या इमारतीत मीटर बहुधा तळमजल्यावर असतात आणि तेथून प्रत्येक घरापर्यंत गेलेली वायर ही वीज कंपनीची नसून ग्राहकाची जबाबदारी असते. हा टप्पा सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे, कारण तो कोणालाच आपल्या घरात दिसत नाही. पाचव्या मजल्यावर राहणाऱ्याची ही वायर सहज पंचवीस-तीस मीटर लांब असते आणि इमारतीइतकीच जुनी असते. मीटर रूममध्ये आपल्या मीटरखाली किटकॅट फ्यूज (तार बदलता येणारा जुन्या पद्धतीचा फ्यूज) आहे की एमसीबी, त्यावर आकडा काय आहे, वायर तांब्याची आहे की ॲल्युमिनियमची, सांध्याजवळ इन्सुलेशन काळे किंवा ठिसूळ झाले आहे का, हे वायरमनकडून पाहून घ्यावे. किटकॅटमध्ये योग्य फ्यूज वायरीऐवजी तांब्याची जाड तार गुंडाळलेली आढळली, आणि अशी तार अनेक ठिकाणी आढळते, तर त्या घराला त्या टप्प्यावर कोणतेच संरक्षण नाही असे समजावे. वायर बदलायची झाल्यास ती सामाईक डक्टमधून जाते, म्हणून संस्थेची लेखी परवानगी घ्यावी लागेल, आणि त्यात जाणारा वेळ नूतनीकरणाच्या वेळापत्रकात धरावा.

गावातील स्वतंत्र घरात हाच प्रश्न खांबापासून येणाऱ्या सर्व्हिस वायरीच्या रूपात येतो. तेथे सायंकाळी किंवा शेतीपंप चालू असताना व्होल्टेज किती उतरते हेही पाहावे. २३० व्होल्टला २,८०० वॉट देणारा ओव्हन २०० व्होल्टला जेमतेम २,१०० वॉट देतो, कारण हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. केक फुगला नाही म्हणून पाककृतीला दोष देण्याआधी व्होल्टेज पाहिलेले बरे. इंडक्शन तर व्होल्टेज फार उतरले की त्रुटीचा संकेत देऊन बंदच होते.

डीबी आणि एमसीबी

डीबीसमोर उभे राहून एक वही घ्यावी आणि एकेक एमसीबी बंद करून घरातील कोणते दिवे, कोणती सॉकेटे बंद पडली ते लिहावे. कंटाळवाणे काम आहे, पण याने जितके कळते तितके दुसऱ्या कशाने कळत नाही. स्वयंपाकघरातील तीन-चार 'पॉवर पॉइंट' दिसायला स्वतंत्र असतात आणि प्रत्यक्षात एकाच एमसीबीवर, एकाच वायरीने एकातून दुसऱ्यात लूप केलेले असतात, हे बहुतेक घरांत अशा वेळी प्रथमच लक्षात येते. फ्रिज, पाणी शुद्ध करणारे यंत्र, मायक्रोवेव्ह आणि मिक्सर ज्या लाइनवर आहेत तिथेच ओव्हनचा प्लग लावला, तर त्या एका वायरीवर वीस ॲम्पिअरच्या पुढे भार सहज जाईल.

एमसीबीवर 'सी १६', 'सी २०', 'सी ३२' असे लिहिलेले असते, आकडा ॲम्पिअरचा. हा आकडा मोठा दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. एमसीबी असतो तो भिंतीतील वायर वाचवण्यासाठी, आणि म्हणून त्याचा आकडा वायरीला झेपेल त्याहून कमी किंवा फार तर तितकाच असायला हवा. सोळाचा एमसीबी वारंवार पडतो म्हणून कोणी तिथे ३२ चा बसवून ठेवला असेल, तर आता भार वाढल्यावर एमसीबी पडणार नाही आणि वायर भिंतीत तापत राहील. शिवाय ३२ चा एमसीबी प्रवाह ३२ च्या वर गेल्याक्षणी पडतो असेही नाही. मानकानुसार १.१३ पट, म्हणजे सुमारे ३६ ॲम्पिअरवर, तो तासाभरात पडता कामा नये, आणि १.४५ पट, म्हणजे सुमारे ४६ ॲम्पिअरवर, तो तासाभरात पडलाच पाहिजे. बारीक वायरीसाठी हा तासाभराचा अवधी फार मोठा आहे.

भिंतीतील वायर

हा या तपासणीचा गाभा आहे. अलीकडच्या वायरीवर दर मीटरला कंपनीचे नाव आणि जाडी छापलेली असते. डीबीमध्ये आणि बोर्डाच्या मागे ती वाचता येते. दोन्ही टोकांना वाचावी, कारण डीबीत चारची आणि मध्ये कुठेतरी जोड देऊन पुढे दीडची, असेही प्रकार असतात. तांब्याची वायर भिंतीतील पाइपमधून जात असेल तर साधारणपणे दीड चौरस मिलिमीटर पंधरा-सोळा ॲम्पिअर, अडीचची बावीसच्या आसपास, चारची एकोणतीसच्या आसपास आणि सहाची छत्तीस-सदतीस ॲम्पिअर वाहून नेते. नेमका आकडा त्या त्या कंपनीच्या तक्त्यात पाहावा. एकाच पाइपमध्ये भार असलेल्या अनेक वायरी कोंबलेल्या असतील किंवा पाइप ओव्हनच्या मागून, उष्णतेतून जात असेल, तर ही क्षमता बरीच खाली येते. म्हणून अडीच एमएमला (बोलण्यात चौरस मिलिमीटरला एमएमच म्हणतात) सोळाचा, फार तर वीसचा, चार एमएमला पंचवीसचा आणि सहा एमएमला बत्तीसचा एमसीबी ही जोडी धरून चालावे.

१९९० च्या आधीच्या घरांत जुने गेज सापडते आणि वयस्कर वायरमन आजही 'तीन-बावीस', 'तीन-वीस', 'सात-वीस' असेच बोलतात. पहिला आकडा तारांची संख्या आणि दुसरा प्रत्येक तारेचे गेज. यात एक खुबी आहे: तीन-वीसला सर्रास 'अडीच एमएम' म्हटले जाते, पण वीस गेजच्या तारेचा व्यास ०.९१ मिलिमीटर असल्यामुळे तीन तारांचे क्षेत्रफळ दोन चौरस मिलिमीटरसुद्धा पुरते भरत नाही. तीन-बावीस तर सव्वाच्या आतच असते. अशा वायरीवर सोळा ॲम्पिअरचे सॉकेट बसवलेले असले तरी त्यावर ओव्हन चालवू नये.

ॲल्युमिनियमच्या वायरीवर १/१.४, १/१.८ असे मिलिमीटरमधील व्यासाचे आकडे असतात, म्हणजे अनुक्रमे दीड आणि अडीच चौरस मिलिमीटर. त्याच जाडीच्या तांब्याच्या तुलनेत ॲल्युमिनियम बराच कमी प्रवाह नेते, आणि त्याहून मोठा धोका त्याच्या सांध्यांचा असतो. धातू हळूहळू दबून स्क्रू सैल होतो, सांधा तापतो, तापल्याने आणखी सैल होतो. घरात ॲल्युमिनियमचे वायरिंग असेल तर पुढील तपासणीवर वेळ घालवण्याची गरज नाही. ओव्हन आणि हॉबसाठी डीबीपासून तांब्याची स्वतंत्र लाइन ओढावी आणि जमल्यास उरलेले घरही टप्प्याटप्प्याने बदलावे.

वायर जाड आहे पण सांधे कसे आहेत हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. स्वयंपाकघरातील सॉकेटवर दोन किलोवॉटचे यंत्र, समजा आहे तेच इंडक्शन पाण्याचे भांडे ठेवून, चालू करावे आणि वायरमनने त्याच बोर्डावरील शेजारच्या सॉकेटमध्ये व्होल्टेज मोजावे; लगेच डीबीत मोजावे. यंत्र चालू असतानाच्या या दोन आकड्यांमधील फरक महत्त्वाचा. पंधरा मीटर अंतरावर अडीच एमएमची चांगली तांब्याची वायर असेल तर ८.७ ॲम्पिअरला फरक जेमतेम दोन व्होल्ट यायला हवा. आठ-दहा व्होल्टचा फरक आला तर वायर बारीक आहे किंवा मध्ये एखादा सांधा सैल आहे, आणि तो गेलेला प्रत्येक व्होल्ट भिंतीत उष्णता होऊन बसला आहे. डीबीतच व्होल्टेज खाली आले असेल, तर दोष मीटर रूमच्या बाजूला शोधावा. बोर्डाची प्लेट पिवळी किंवा तपकिरी पडलेली असणे, प्लगची पिन काळी पडणे, स्विच दाबताना चरचर आवाज येणे आणि जळक्या प्लास्टिकचा किंवा मासळीसारखा वास येणे ही याच दोषाची लक्षणे आहेत. ती दिसली तर मोजमापाची वाट न पाहता तो पॉइंट बंद करावा.

जुन्या वायरिंगचे इन्सुलेशन तपासण्यासाठी वायरमनकडे ५०० व्होल्टचा मेगर असतो. सर्व यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे सुटी करून फेज-न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधील रोध मोजतात, आणि तो निदान एक मेगाओहम यावा लागतो. चांगल्या कोरड्या वायरिंगमध्ये तो याच्या कितीतरी पट येतो. कोकणात आणि मुंबईत ही चाचणी शक्यतो पावसाळ्यात करावी, कारण मे महिन्यात उत्तीर्ण झालेली ओली भिंत जुलैमध्ये नापास होते.

अर्थिंग आणि आरसीसीबी

ओव्हनचे आणि हॉबचे शरीर धातूचे, आणि आपण त्यांना ओल्या हाताने स्पर्श करतो. सॉकेटला तिसरे भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असे मुळीच नसते. काही जुन्या घरांत ते भोक मागे कशालाच जोडलेले नसते, तर काही ठिकाणी त्याहून वाईट म्हणजे न्यूट्रललाच जोडलेले असते. वायरमनने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तिन्ही व्होल्टेज मोजावेत. पहिले दोन जवळजवळ सारखे यायला हवेत आणि तिसरा एक-दोन व्होल्टच्या आसपास असावा. भार चालू असतानाही तिसरा अगदी शून्यच येत असेल, तर सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांचा लूप मारलेला आहे का हे उघडून पाहावे. मल्टीमीटर फारच थोडा प्रवाह घेतो, म्हणून कमकुवत अर्थिंगही त्याला चांगले वाटते. शंभर वॉटचा टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावून तो पूर्ण तेजाने पेटतो का हे पाहणे अधिक विश्वासाचे. घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर या चाचणीत तो पडेल, आणि पडायलाच हवा.

तीस मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी नसेल तर नव्या यंत्रांसोबत तो बसवलाच पाहिजे. यात काटकसर नको. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी की बरेच दिवस न वापरलेल्या ओव्हनचा हीटर दमट हवेत ओलावा शोषून घेतो आणि पहिल्यांदा तापवताना थोडी गळती होऊन आरसीसीबी पडू शकतो. दोन-तीनदा कमी तापमानावर चालवून ओलावा गेल्यावरही तो पडत राहिला, तर यंत्र दुरुस्तीला द्यावे. आरसीसीबी बायपास करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये.

कोणती व्यवस्था करावी

वरील तपासणीनंतर बहुतेक सिंगल-फेज घरांसाठी मला पटणारी व्यवस्था अशी आहे. ओव्हनसाठी डीबीपासून चार एमएमची स्वतंत्र लाइन, वीसचा एमसीबी आणि ओव्हनच्या मागे नव्हे तर शेजारच्या कपाटात, हात पोहोचेल असे सोळाचे सॉकेट. हॉब दोन झोनचा किंवा भार साडेतीन किलोवॉटवर बांधता येणारा घ्यावा, पण त्याच्यासाठी वायर मात्र आजच सहा एमएमची ओढून ठेवावी आणि ओट्याच्या बाजूला, भांड्याच्या वाफेपासून दूर, ३२ ॲम्पिअरचा डीपी स्विच बसवावा. आज त्यावर वीसचा एमसीबी चालेल. उद्या थ्री-फेज घेतले आणि मोठा हॉब आणला तर एमसीबी बदलेल, टाइल्स फोडाव्या लागणार नाहीत. अंतर वीस मीटरच्या पुढे असेल किंवा पाइपमध्ये इतर वायरी असतील, तर ७.२ किलोवॉटसाठी दहा एमएमची वायर घेणे योग्य. दोन्ही लाइन्सना त्याच जोडीने हिरवी अर्थ वायर ओढावी. शेजारच्या पॉइंटवरून अर्थ उसनी घेऊ नये. इन्व्हर्टरच्या लाइनवर यांतले काहीही जोडू नये, आणि एक्स्टेंशन बोर्डावर तर नाहीच.

यंत्रे बसल्यावर पहिल्या दिवशी ओव्हन २०० अंशांवर आणि हॉबचे दोन झोन एकत्र अर्धा तास चालवावेत. क्लॅम्प मीटरने प्रत्यक्ष प्रवाह मोजून तो पाटीवरील आकड्याशी ताडावा. ओव्हन बंद करून प्लग ओढल्यावर पिना किंचित कोमट असतील तर चालेल, हात ठेववत नसेल तर सॉकेट सैल आहे. डीबीतील एमसीबीवर हाताची मागची बाजू टेकवून शेजारच्यांपेक्षा एखादा फारच गरम लागतो का ते पाहावे. पीळदार तांब्याच्या वायरीवरील स्क्रू पहिल्या काही आठवड्यांत किंचित सैल होतात, म्हणून महिन्याभराने वायरमनला बोलावून मेन बंद ठेवून डीबीतील आणि डीपी स्विचमधील सर्व टर्मिनल पुन्हा आवळून घ्यावेत, आरसीसीबीचे चाचणी बटण दाबून तो पडतो याची खात्री करावी, आणि डीबीच्या झाकणाच्या आतील बाजूस कोणता एमसीबी कशाचा, त्यामागील वायर किती एमएमची आणि ती कोणत्या वर्षी ओढली हे पक्क्या शाईने लिहून ठेवावे.